त्याने आमची चौकशी केली, आम्ही त्याची केली नाही

गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, नवी नोकरी मिळाल्यामुळे, आम्ही नागपूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवले आणि सामानाचा टेम्पो सोसायटीच्या फाटकापाशी उभा असताना आम्हाला कळले, की ज्या गृहस्थाला आम्ही १,५०,००० रुपये अनामत आणि पहिल्या महिन्याचे २४,००० रुपये भाडे आगाऊ देऊन बसलो होतो, तो त्या घराचा मालकच नव्हता. घर न पाहता पैसे पाठवू नका, हा सल्ला आपण सगळेच ऐकतो आणि इतरांना देतोही. आम्ही घर दोनदा पाहिले होते, त्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा घेतला होता, आणि तरीही फसलो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे कार्यालय हिंजवडीच्या आयटी पार्कच्या दुसऱ्या टप्प्यात होते. घरात पत्नी, सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेली आई. एकटा असतो तर कार्यालयाच्या जवळ कुठेही खोली घेतली असती, पण कुटुंब घेऊन जायचे म्हटल्यावर परिसर निवडणे हाच एक प्रकल्प झाला. हिंजवडी आणि माण या बाजूला नव्या इमारती भरपूर आहेत, परंतु तो भाग ग्रामपंचायतींचा, पाण्यासाठी टँकरवर बराच भरवसा आणि पावसाळ्यात रस्त्यांची जी अवस्था होते ती वर्तमानपत्रांतून आम्ही पाहिलेलीच होती. वाकड जवळ, मात्र भूमकर चौकात सकाळी गाडी अडकली की जवळपणाचा काही उपयोग राहत नाही, असे तिथे राहणाऱ्या दोघांनी सांगितले. बाणेर-बालेवाडी आवडले, पण भाडे झेपणारे नव्हते. शेवटी पिंपळे सौदागर पक्के केले. चालत जाता येईल अशी शाळा, आईसाठी सपाट पदपथ आणि जवळच दवाखाना, संध्याकाळी मुलांनी भरलेली बाग, किराणा आणि भाजी खालीच. पिंपरी-चिंचवड महापालिका नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी देते हे माहीत होते, म्हणून सोसायटीच्या टाक्या किती आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात हेसुद्धा पत्नीने विचारून घेतले. ती एका शनिवारी संध्याकाळी सात वाजता मुद्दाम बागेत जाऊन बसली आणि तिथल्या चार बायकांशी बोलून आली. इतकी काळजी आम्ही परिसराची घेतली. मुलीचा शाळाप्रवेशही लगोलग करून टाकला, आणि इथेच आमचे हात बांधले गेले, कारण आता घर त्याच अर्ध्या किलोमीटरच्या आत हवे होते आणि जूनच्या आधी हवे होते.

एका संकेतस्थळावर 'थेट मालकाकडून, दलाली नाही' अशी जाहिरात दिसली. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, शाळेपासून चालत सहा मिनिटे. त्या भागात एवढ्या घराचे भाडे तीस हजारांच्या आसपास सांगितले जात होते. इथे २४,००० होते, मात्र अनामत जास्त. मी फोन केला तेव्हा पलीकडच्या माणसाने भाड्याविषयी एक अक्षर न बोलता आधी आमचीच चौकशी आरंभली. कुटुंब आहे की अविवाहित मुले, किती माणसे, कंपनी कोणती, नागपुरात घर स्वतःचे की भाड्याचे. अविवाहितांना मी देत नाही, सोसायटीत सगळी कुटुंबे आहेत, मला शांत माणसे हवीत, असे त्याने दोनदा सांगितले. मग त्याने माझे नेमणूकपत्र, आम्हा दोघांची आधारकार्डे आणि विवाह नोंदणीचा दाखला मागवला आणि 'घरी विचारून दोन दिवसांनी कळवतो' म्हणाला. ते दोन दिवस आम्ही अक्षरशः निकालाची वाट पाहावी तसे काढले. तिसऱ्या दिवशी त्याचा होकार आला तेव्हा मी त्याचे आभार मानले. आज विचार करताना वाटते, की फसवणूक झाली ती याच ठिकाणी. परीक्षा घेणाऱ्याकडे ओळखपत्र मागायचे असते हे परीक्षेला बसलेल्याच्या मनात येत नाही.

मी आणि पत्नी रात्रीच्या गाडीने जाऊन घर पाहून आलो. नंतर चिंचवडला राहणारा तिचा मावसभाऊ पुन्हा जाऊन पाहून आला. गृहस्थ पस्तिशीचा, मृदू बोलणारा. आपली गुरुग्रामला बदली झाल्याचे त्याने सांगितले. व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला 'काकू, देवघराला ही ईशान्येची जागा आहे बघा' असे म्हणून त्याने तिला तर पूर्ण जिंकूनच घेतले. मावसभावाने निघताना फाटकावरच्या रखवालदाराला विचारले, की हे गृहस्थ इथेच राहतात ना? तो म्हणाला, हो, राहतात की. उत्तर खरे होते. प्रश्न चुकला होता.

कागदपत्रांचेही तसेच. आम्ही मागितल्यावर त्याने महावितरणचे बिल, मालमत्ता कराची पावती आणि आधारकार्डाचे छायाचित्र पाठवले. तिन्हींवर एकच आडनाव होते, त्यामुळे आमचे समाधान झाले. विजेचे बिल त्या घरात जो कोणी राहतो त्याच्या हाती दर महिन्याला आपसूक येते आणि कराचा तपशील मिळकत क्रमांक ठाऊक असलेल्या कोणालाही ऑनलाइन पाहता येतो, हे तेव्हा सुचले नाही. तो मालकाचे आडनाव लावून वावरत होता आणि बिलावर नावाचे आद्याक्षर तेवढे होते. आधारकार्डाच्या छायाचित्रात क्यूआर कोडचा भाग कापलेला होता. तो कोड आधारच्या अधिकृत ॲपने तपासता येतो, आणि म्हणूनच तो कापलेला असावा.

टोकन म्हणून १०,००० रुपये मी तिथेच दिले. उरलेले १,६४,००० यूपीआयच्या मर्यादेमुळे दोन दिवसांत पाठवले. पाठवताना पडद्यावर एका स्त्रीचे नाव आले. 'बायकोच्या खात्यावर घेतो, गृहकर्जाचा हप्ता तिथूनच जातो' असे त्याने सांगितले आणि मी बटण दाबले. करारासाठी त्याने ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी करून आणलेला मसुदा दिला. नोंदणी कधी, असे मी विचारले होते. त्याचे उत्तर असे, की अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, तरी तुमच्या समाधानासाठी तुम्ही राहायला आलात की सावकाश करू.

हे उत्तर महाराष्ट्रात इतक्या ठिकाणी, इतक्या प्रामाणिक माणसांच्या तोंडूनही ऐकू येते, की त्याविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांची पळवाट तिथून आली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खर्च म्हणाल तर आमच्या कराराला मुद्रांक शुल्क सुमारे सातशे रुपये आणि महापालिका हद्दीतील नोंदणी शुल्क १,००० रुपये आले असते. मात्र खरा मुद्दा शुल्काचा नाहीच. ऑनलाइन नोंदणीत मालक आणि भाडेकरू दोघांनाही आधारशी जोडलेला अंगठा द्यावा लागतो. दुसऱ्याचे नाव सांगणारा माणूस सगळे कागद आणू शकतो, पण त्या यंत्रावर दुसऱ्याचा अंगठा ठेवू शकत नाही, म्हणूनच त्याला नोटरी पुरेशी वाटत होती.

३० मे रोजी सकाळी टेम्पो फाटकाशी पोहोचला. गृहस्थाचा फोन बंद. रखवालदाराने सांगितले, की सचिवांच्या पत्राशिवाय सामान आत जाणार नाही. सचिव खाली आले, त्यांनी आमचा कागद वाचला आणि शांतपणे विचारले, 'हा करार तुम्ही कोणाशी केलात? या घराच्या मालकीणबाई तर बंगळूरला मुलीकडे असतात.' आई टेम्पोच्या पुढच्या आसनावर बसून होती, मुलगी नवी शाळा कुठल्या दिशेला आहे ते भावाला दाखवत होती, आणि हमाल तासाचे पैसे वाढतील म्हणून घाई करत होते. त्या दिवशी सामान मावसभावाच्या इमारतीच्या वाहनतळात उतरवले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरहून एक कुटुंब त्याच घराचा त्याच नमुन्याचा कागद घेऊन आले, आणि त्यानंतर इंदूरहून तिसरे.

मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्याशी बोलल्यावर कळले, की त्यांनीही एका मध्यस्थाच्या भरवशावर घर त्या माणसाला नोटरीच्याच कागदावर दिले होते आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिलेली नव्हती. त्याने दोन महिन्यांचे भाडे दिले आणि त्या दोन महिन्यांत घराचा दुकान म्हणून उपयोग केला. त्यांनी सातशे आणि हजार रुपयांची नोंदणी केली असती तर त्याचा खरा अंगठा आज सरकारी नोंदीत असता. मला त्यांचा राग आला होता, हे मान्य करतो. पण मीदेखील एका महिन्याची दलाली वाचवल्याच्या आनंदात होतो, हेही तितकेच खरे.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले. तीन कुटुंबे एकत्र गेलो तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ आणि ३१९ खाली, म्हणजे फसवणूक आणि तोतयेगिरी यांबद्दल, गुन्हा नोंदला गेला. १९३० या सायबर मदत क्रमांकावर मी फोन केला खरा, पण पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. तो क्रमांक पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत उपयोगी पडतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती गोठवता येते. खाते ज्या स्त्रीचे होते ती त्याची पत्नी नव्हती. तिने आपले खाते महिन्याच्या काही रुपयांवर वापरायला दिले होते.

शाळा तीच असल्यामुळे घर आम्हाला त्याच परिसरात शोधावे लागले. या वेळी एक पैसाही देण्याआधी मी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या सदनिकेच्या खरेदीखताची सूची क्रमांक २, म्हणजे त्या नोंदणीचा उतारा, काढली. गाव, सर्व्हे क्रमांक आणि सदनिका क्रमांक दिला की खरेदीदाराचे नाव तिथे दिसते. मग सोसायटीच्या सचिवांना भेटून 'इथे कोण राहते' असे न विचारता 'भागधारक म्हणून तुमच्या दफ्तरात कोणाचे नाव आहे' असे विचारले. टोकन पाच हजारांवर दिले नाही, तेही त्याच नावाच्या बँक खात्यात, आणि अनामत करार नोंदवला गेल्यानंतर. या सगळ्याला नव्या मालकांना जरा अपमान वाटला. त्यांनी तसे बोलूनही दाखवले. त्यांच्या जागी असतो तर मलाही वाटला असता. नोंदणीच्या दिवशी त्यांचा अंगठा यंत्रावर दोनदा उमटला नाही, तेव्हा यंत्र घेऊन आलेल्या मुलाने ओल्या फडक्याने त्यांचे बोट पुसले, आणि तिसऱ्यांदा तो जुळेपर्यंत माझी पत्नी यंत्रावरची नजर हलवत नव्हती.

पहिल्या प्रकरणात अजून आरोपपत्र दाखल झालेले नाही. गोठवलेल्या खात्यात ११,४०० रुपये सापडले असून ते परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. तो अर्ज आम्ही तिन्ही कुटुंबांनी मिळून केला आहे.