पेट्रोलच्या टाकीत पाणी: औषध ओतावं की टाकी उतरवावी?

जळगाव-धुळ्याकडे पावसाळ्यात जुनी पेट्रोल गाडी अडखळली, की हाच पेच. आधी टाकीच्या तळचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा. पाणी जड, खाली बसतं.

पाण्याचा थर नावापुरता असेल तर औषध, म्हणजे पाणी पेट्रोलमध्ये मिसळवणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, दहा लिटर पेट्रोलला साधारण 100 मिली. स्वस्त, मेहनत शून्य. मात्र 99 टक्क्यांचंच. मेडिकलमधल्या 70 टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणीच की! गंज मात्र तसाच राहतो. इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये पाणी वाढलं, तर इथेनॉलही सोबत तळाला जातं, मग औषध वाया.

टाकी उतरवायची तर मजुरी आणि अर्धा दिवस. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा. फिल्टर आणि झाकणाचं रबर बदला, नाहीतर पाणी पुन्हा शिरेल.

रोज फिरणाऱ्या गाडीला औषध पुरतं. महिनोन्महिने उभी, पत्र्याची टाकी, लालसर गाळ? उतरवाच.