नागिणीची लस घेतली : दंड ठणकला, पण पैसे वसूल

थोरल्या जाऊबाईंना नागीण झाली तेव्हा शेजारणी गेरू लावा म्हणत होत्या आणि तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणून घाबरवत होत्या. फोड पंधरा-वीस दिवसांत वाळले, आग मात्र सहा महिने राहिली. साडीची गाठसुद्धा कमरेला सोसवायची नाही. ते बघून बासष्टाव्या वर्षी मी शिंग्रिक्स ही नागिणीची लस घेतली.

एका डोसला दहा हजारांच्या वर, आणि दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने असे दोन. पेन्शनीतून काढताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू! सिस्टरनी माझ्यासमोरच कालवली : एका कुपीत पांढरी पूड, दुसरीत दुधट पाणी. पूड म्हणजे विषाणूचं एक प्रथिन. पाण्यात आपल्या पेशींना डिवचणारं औषध, त्यात चिलीकडच्या एका झाडाच्या सालीचा अर्कही असतो. त्याने मला असं डिवचलं की रात्री कुकर उचलवेना, सकाळी अंगात कणकण.

मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली, म्हणून थोडं सांगते. कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून बसतो. त्याला तिथे दाबून ठेवतात त्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी. म्हातारपणीही रक्तात अँटिबॉडी सापडतात, थकतात त्या टी पेशी. मग नागीण उठते. ही लस त्यांनाच पुन्हा कामाला लावते. पन्नाशीपुढच्यांवरच्या मोठ्या चाचणीत 97 टक्के बचाव दिसला. आधीची जिवंत विषाणूची लस 51 टक्क्यांच्या आसपासच होती.

आता क्लिनिकबद्दल. दुसऱ्या डोसची आठवण कुणी केली नाही, मीच फोन केला. तर लस शिल्लक नाही, आधी पैसे भरा, मग मागवू. वर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘‘काकू, लस लागू पडली का बघायला अँटिबॉडी टेस्ट करून टाका, सवलत आहे.’’

म्हटलं, ‘‘अरे, मी पैसे मोजले टी पेशींसाठी. त्या मोजतोस का?’’

त्याने अर्धी लिहिलेली पावती निमूट बाजूला ठेवली.

लसीला पाचपैकी साडेचार, क्लिनिकला दोन. आणि डोस शनिवारी घ्या, रविवारचा स्वयंपाक घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.