मामाचं झिजलेलं जॅकेट आणि बिक ४ : अकरा महिन्यांचा अनुभव

बिक ४ या चामड्याला लावायच्या लोशनची बाटली गेल्या ऑक्टोबरात मागवली. आता सप्टेंबर संपत आला आणि आठ औंसांच्या, म्हणजे जेमतेम २३७ मिलीच्या त्या बाटलीत अजून निम्म्याहून अधिक माल शिल्लक आहे. एकूण चार हात दिले. एक ग्वाल्हेरचा हिवाळा, एक लू म्हणजे उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यांचा मोसम आणि एक पावसाळा जॅकेटनं काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी जॅकेट. मामानं ते पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आग्र्याहून आणलेलं. जाड तपकिरी चामडं, पितळी चेन, आणि शिवणींवर, खिशांच्या कडांवर, कोपरांवर रंग उडून गेल्यासारखी फिकट झाक. यालाच डिस्ट्रेस्ड म्हणतात, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक असणार? आजीनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, पैसे मोजून झिजलेलं आणलंस? जा, परत देऊन ये." मामा पुढे ठाण्याला गेला. तिथे असं जॅकेट घालायचं म्हणजे घामाची आंघोळ. मग ते आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी ट्रंकेत आठ वर्षं डांबरगोळ्यांच्या सोबतीनं पडून राहिलं. बाहेर काढलं तेव्हा पाठ पुठ्ठ्यासारखी कडक, कॉलर केसांच्या तेलानं काळी आणि डाव्या बाहीच्या घडीत बारीक तडे.

इथेच खरी मेख आहे. या जॅकेटवर दोन प्रकारचं जुनेपण होतं. एक विकत घेतलेलं, दुसरं आपसूक आलेलं. विकतचं असं तयार होतं : खाली फिकट रंग, वर गडद थर, आणि तो थर कडांवर, शिवणींवर मुद्दाम घासून काढायचा. आपसूक आलेलं म्हणजे कोरडेपणा, मळ, तडे. मला दुसरं घालवायचं होतं, पण पहिल्याला धक्का न लावता. बाजारात मिळणारी बहुतेक तेलं-क्रिमं हा फरक जाणत नाहीत, आणि सल्ला देणारी माणसं तर मुळीच नाही.

सल्ल्यांची खोगीरभरती किती झाली म्हणून सांगू! शेजारच्या भैयांनी मोहरीचं तेल सुचवलं. मोहरीचं आगर असलेलं मुरैना इतकं जवळ असल्यावर इथे सांधेदुखीपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला मोहरीचंच तेल. ते लावलं नाही, कारण मोहरीचं तेल हवेत हळूहळू चिकट होत जातं, हे आईच्या लोणच्याच्या बरणीच्या गळ्याशी कायम दिसतं. पण आदल्या वर्षीच्या जानेवारीत मी स्वतःच्या अकलेनं उजव्या खांद्यावर खोबरेल चोळलं होतं. दुपारच्या उन्हात छान मऊ वाटलं. दोन दिवस धुकं पडलं आणि खांद्यावर पांढरे डाग उमटले. बुरशी समजून घाबरलो. बायको म्हणाली, "अहो, ती न्हाणीघरातली बाटली बघा आधी." बाटलीतलं खोबरेल थिजून दगड झालं होतं. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं आणि आमच्याकडे जानेवारीच्या रात्री पारा पाच अंशांच्याही खाली जातो. खांद्यात मुरलेलं तेलच वर येऊन थिजलं होतं. असे डाग ओळखायची सोपी खूण : केस वाळवायचा ड्रायर मंद करून लांबून फिरवा. डाग विरघळून दिसेनासा झाला तर ती चरबी, तसाच राहिला तर बुरशी.

डाग गेले, पण त्या खांद्याच्या शिवणीवरची फिकट झाक कायमची गडद झाली. कारण नंतर पाण्याच्या थेंबानं कळलं. आतल्या पट्टीवर एक थेंब ठेवला, तो मोत्यासारखा उभा राहिला. घासलेल्या शिवणीवर ठेवला, तो पाहता पाहता आत जिरला. वरचा थर जिथे शाबूत आहे तिथे तेल वरच्यावर राहतं. जिथे घासून काढलाय तिथे चामडं अधाशासारखं पितं आणि काळवंडतं. म्हणजे भरमसाट तेल पाजलं की डिस्ट्रेस्ड जॅकेटची नेमकी नक्षीच आधी बुजते. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात त्या नीट्सफूट तेलाचंही हेच. घोड्याच्या जुन्या खोगिराला ते उत्तम, पण रंग गडद करतं.

म्हणून बिक ४ निवडलं. बनवणारी बिकमोर ही अमेरिकी कंपनी १८८२ पासूनची, सुरुवात घोड्यांच्या खोगिराखालच्या जखमांवरच्या मलमानं केलेली. चामड्याचा रंग गडद होत नाही हीच याची ख्याती. पातळ पांढरं लोशन, वास नसल्यासारखाच. स्वेडला, म्हणजे मखमली लव असलेल्या चामड्याला, मात्र हे लावायचं नाही.

लावण्याआधीची सफाई हेच अर्धं काम, आणि त्यात मी घाई केली नाही. आधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ, मग ओलसर पिळलेलं फडकं. कॉलरसाठी चामड्याचा सौम्य क्लीनर घेतला. कपड्यांचा साबण किंवा भांड्यांची पावडर नको, ती अल्कलीची असते आणि कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी. कॉलरचा काळेपणा तीन बैठकांत साठ टक्के गेला असेल. उरलेला आत मुरलाय, तो आता जॅकेटचाच भाग. पूर्वी एकदा ड्रायक्लीनिंगला दिलं होतं, त्याचीही किंमत इथे मोजली : त्या द्रावणानं मळाबरोबर चामड्यातला स्निग्धपणाही ओढून नेला, पाठ कडक झाली ती तेव्हापासूनच.

मग लोशन. जुन्या बनियनच्या तुकड्यावर नाण्याएवढं घेऊन एकेक भाग, सावलीत, गोल हातानं. पूर्ण जॅकेटला दोन-अडीच चमचे पुरले. लावताना सगळं गडद दिसलं आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन तासांत पूर्ववत झालं. रात्रभर हँगरवर ठेवून सकाळी कोरड्या फडक्यानं पुसलं. आठवड्यानं दुसरा हात. चामडं कमावताना तंतूंमध्ये स्निग्धांश मुरवलेले असतात, ते उणे झाले की तंतू एकमेकांवर घासून तुटायला लागतात. ती भर हळूहळूच पडते, एका रात्रीत नाही. दुसऱ्या हातानंतर पाठ वाकू लागली. नोव्हेंबरअखेर बाही कोपरात दुमडताना होणारी करकर थांबली.

एक खोडी मुद्दाम केली. डाव्या खिशाच्या झाकणाला काहीच लावलं नाही, तुलनेसाठी. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या रात्री उघड्यावर जॅकेट घालून बसलो, जानेवारीत ग्वाल्हेरच्या मेळ्यात फिरलो. हा मेळा १९०५ पासून भरतो आणि तेव्हापासूनच तिथे कुणी ना कुणी कुणाच्या तरी कपड्यांवर टिक्कीचं तेल सांडत असणार. माझ्या उजव्या बाहीवर सांडलं. घरी येऊन लगेच टाल्कम पावडर थापली, सकाळी झटकली, पुन्हा थापली. डाग जवळपास गेला. अशा डागावर लोशन चोळू नका, तेल आणखी खोल जातं.

पाऊस अडवणं हे या लोशनचं काम नाही. एका माघी सरीत थेंबांचे ठिपके पडले, वाळल्यावर गेले. ओलं जॅकेट हीटरपुढे धरायचा मोह मात्र आवरायचा, चामडं आक्रसतं. तड्यांचंही तेच : तडे पडायचे थांबले, पडलेले भरले नाहीत. महाराज बाडा चौकाजवळच्या मोच्याला बाही दाखवली तर तो म्हणाला, "भैया, अब इसे और मत पिलाओ, इसका पेट भर गया है." त्याचं खरं होतं. फट बुजवायला फिलर आणि वर रंग लागतो. ते मी केलं नाही, कारण रंग आला की पुन्हा तो पहिल्या जुनेपणाचा घोळ. चेनला मेणबत्ती घासली, फाटलेलं अस्तर रफूवाल्यानं शिवलं, बस.

मार्चमध्ये पुसून, तिसरा हात देऊन, रुंद लाकडी हँगरवर आईच्या जुन्या सुती साडीची खोळ चढवून ठेवलं. प्लॅस्टिक नाही, डांबरगोळ्या नाहीत. तरी जूनमध्ये फसलोच. बाहेर ४५ अंश आणि कोरडी लू, पण कपाट कूलरच्या झोतासमोर. कूलर खोलीत सगळी ओलच भरतो. कॉलरखाली हिरवट बुरशी आली आणि या वेळी ती ड्रायरनं विरघळली नाही. गच्चीवर नेऊन ब्रशनं झटकली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून आधी आतल्या पट्टीवर रंग सुटत नाही ना ते पाहिलं, मग कॉलर हलकेच पुसून सावलीत वाळवली आणि चौथा हात दिला. कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवलं, सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. पावसाळा कोरडा गेला, म्हणजे कपाटातला.

घ्यावं का? चामडं खरं असेल तर घ्या. जॅकेटचे पापुद्रे निघत असतील आणि खाली कापडाची जाळी दिसत असेल तर ते रेक्झिन आहे, त्यावर कुठलंही लोशन ओतलं तरी पापुद्रे निघतच राहणार. तुमचं जॅकेट एकरंगी, जाड रंगाच्या थराचं असेल तर यापेक्षा स्वस्तातही भागेल. फिकट-गडद झाक जपायची असेल तर मला तरी याहून बरं काही सापडलेलं नाही. वर्षाला तीन हात पुष्कळ झाले.

परवा दोन्ही खिशांची झाकणं शेजारी धरून बायकोला दाखवली. रंगात फरक सांगता येईना तिला. मग मी डोळे मिटून बोट फिरवायला सांगितलं, तर तिनं लगेच डावं ओळखलं. या रविवारी त्यालाही पहिला हात देतोय.