डोंबिवलीतील एक घरगुती पाळणाघर: तान्ह्या बाळाच्या पालकांसाठी अभिप्राय

प्रसूती लाभ कायद्यातील 2017 सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले. माझ्या फोर्टमधील कार्यालयात अशी सोय आहे आणि ती चांगलीही आहे. परंतु डोंबिवलीहून सकाळच्या जलद गाडीच्या महिला डब्यात सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन चढणे, उभे राहणे आणि संध्याकाळी तसेच परतणे हे रोज करण्यासारखे काम नाही. ज्या मातांनी रजेतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वीच घेतलेले असतात, त्यांचे बाळ तर कामावर रुजू होताना जेमतेम चार महिन्यांचे असते. त्यामुळे मध्य रेल्वेने ये-जा करणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबांना बाळाची सोय घराजवळच शोधावी लागते.

आम्ही आधी घरी येऊन बाळ सांभाळणाऱ्या बाईंचा विचार केला. एका ब्यूरोने आगाऊ रक्कम घेऊन ज्या बाईंची भेट घालून दिली होती, त्यांच्याऐवजी पहिल्या दिवशी दुसऱ्याच बाई पाठवल्या. त्यांची पोलीस पडताळणी झालेली नव्हती, म्हणून तो व्यवहार आम्ही तेथेच थांबवला. त्यानंतर शेजारच्या इमारतीतील एका आईच्या सांगण्यावरून पूर्वेकडील या पाळणाघरात गेलो. एक निवृत्त बालवाडी शिक्षिका आपल्या तळमजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात ते चालवतात. परिसरात सगळे त्यांना काकू म्हणतात. त्यांच्या हाताखाली एक मदतनीस ताई आहेत.

या पाळणाघराचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तेथील वही. प्रत्येक बाळाची स्वतंत्र दोनशे पानी वही असते आणि तिच्यात दूध किती वाजता व किती मिलिलिटर दिले, त्यातले किती उरले, लंगोट किंवा डायपर कधी बदलला, झोप किती झाली हे लिहिलेले असते. अशा नोंदी अनेक ठिकाणी ठेवल्या जातात, पण येथे बिनसलेले दिवसही लिहिले जातात. आमच्या वहीत एके दिवशी ‘तीन वाजता वीस मिनिटे रडली, कारण कळले नाही, पोट मऊ होते, ताप नव्हता’ अशी ओळ होती. दुसऱ्या एका दिवशी ‘ताईंच्या हातून बाटली पडली, 60 मिली दूध वाया गेले’ असे स्पष्ट लिहिले होते. बोलता न येणाऱ्या बाळाच्या बाबतीत दिवसभर काय घडले हे कळण्याचा पालकांकडे दुसरा मार्गच नसतो. म्हणून ‘आज एकदम छान राहिली’ या रोजच्या उत्तरापेक्षा मला ही वही कितीतरी मोलाची वाटते. कॅमेरे लावलेल्या दोन जागाही आम्ही पाहिल्या होत्या. तेथे ‘दुपारी काय दिले’ या साध्या प्रश्नाला नीट उत्तर मिळाले नव्हते.

काढून ठेवलेल्या आईच्या दुधाची हाताळणी त्यांना चांगली माहीत आहे. असे दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकते. पण डोंबिवलीच्या एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे चार तास मुळीच धरू नयेत, हे काकूंनी आम्हाला आपणहून सांगितले. बर्फाच्या पिशवीतून नेलेल्या बाटल्या त्या लगेच फ्रिजच्या मागच्या बाजूला ठेवतात, दाराच्या कप्प्यात ठेवत नाहीत. दूध गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये न तापवता बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करतात आणि बाळाने प्यायल्यावर उरलेले दूध पुन्हा देत नाहीत. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले, तेव्हा मुगाच्या डाळीचे वरण, मऊ भात आणि नाचणीचे सत्त्व या क्रमाने, एका वेळी एकच नवा पदार्थ देण्याचे ठरले आणि ते पाळले गेले. बाळगुटी, मध, साखरपाणी यांपैकी काहीही पालकांनी सांगितल्याशिवाय दिले जात नाही. एक वर्षाच्या आत मध देणे धोक्याचे असते हे सांगताना घरातल्या वडीलधाऱ्यांशी आम्हाला बराच वाद घालावा लागला होता; येथे तो घालावा लागला नाही.

झोपेच्या बाबतीत मात्र आमचे पूर्ण एकमत झालेले नाही. बाळाला सपाट, घट्ट गादीवर, उशी न घेता उताणे निजवावे असे आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बजावले होते. काकूंनी राईची उशी लगेच काढली, पण झोळी सोडायला त्या तयार नव्हत्या. शेवटी बाळ झोळीत पेंगले की त्याला गादीवर ठेवायचे असे ठरले. ज्या दिवशी हे जमत नाही, त्या दिवशी ‘झोळीतच अर्धा तास झोपली, जवळ बसून होते’ अशी नोंद वहीत येते. मला झोळी पूर्ण बंद झालेली हवी आहे आणि हे मी त्यांना अजूनही सांगत असते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मदतनीस ताई सहा वाजता जातात, आणि नेमक्या त्याच वेळी शाळेतून आलेली मोठी मुले घरात खेळत असतात. त्यानंतर साडेसातपर्यंत काकू एकट्याच सर्वांकडे पाहतात. एक बाळ हातात असताना दुसरे उठले तर त्याला रडत थांबावे लागते. ताईंची वेळ वाढवावी, त्यासाठी जास्त शुल्क देऊ, असे आम्ही सुचवले. अद्याप तसे झालेले नाही. सध्या माझे पती शक्य तितक्या दिवशी सहाच्या आत बाळाला घरी आणतात. ज्यांना हे शक्य नाही, त्यांनी या मुद्द्याचा आधी नीट विचार करावा. मोठ्या मुलांबरोबर सर्दी-खोकलाही घरी येतो, हेही गृहीत धरावे.

सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात या वेळेसाठी तान्ह्या बाळाचे शुल्क महिन्याला 7,000 रुपये आहे. ते आगाऊ द्यावे लागते आणि गैरहजेरीचे पैसे वजा होत नाहीत. गणपतीचे पाच दिवस आणि दिवाळीत पाळणाघर बंद असते, त्यामुळे त्या दिवसांची व्यवस्था वेगळी करावी लागते. पावसाळ्यात रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या, तेव्हा मात्र काकूंनी बाळाला रात्री उशिरापर्यंत ठेवून घेतले, खाऊ घालून निजवले आणि वाढीव पैसे घेतले नाहीत. त्यांच्याकडे लेखी करार नव्हता. आम्हीच एक पान तयार करून नेले, त्यावर बाळाला नेण्याची परवानगी कोणाला आहे, डॉक्टर कोण, ताप आल्यास आधी कोणाला फोन करायचा, लसीकरणाच्या दुसऱ्या दिवशी काय काळजी घ्यायची हे लिहिले, आणि त्यांनी ते वाचून एक दुरुस्ती सुचवून सही केली. ‘बाळ आजारी असेल तर आणू नका, पण इथे आजारी पडले तर मी काही लपवणार नाही,’ असे त्या म्हणाल्या होत्या, आणि आजवर तसाच अनुभव आहे.

रजा संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून बाळाला थोडा थोडा वेळ येथे ठेवावे, पहिले काही दिवस आईने सोबत बसावे, अशी काकूंची अट आहे आणि ती योग्यच आहे. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास अनोळखी माणसांची भीती वाढते, त्यामुळे सहाव्या महिन्यात रुळलेल्या बाळालाही पुढे काही आठवडे सोडताना रडू येते. तेव्हा जागा बदलण्याची घाई करू नये. तान्ह्या बाळांसाठी येथे दोनच जागा आहेत, म्हणून प्रसूतीनंतर लवकरच विचारणा करावी. आमची मुलगी आता रांगू लागली आहे आणि स्वयंपाकघराच्या दाराला अजून अडसर नाही. दिवाळीच्या सुट्टीत तेथे लाकडी फळी बसवण्याचे काकूंनी मान्य केले आहे. त्यानंतर येथे येणाऱ्या पालकांनी ती बसली आहे की नाही हे स्वतः पाहावे.