गाडीतल्या फ्रिजची स्लाइड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फ्रिज 40 लिटरचा, कॉम्प्रेसरवाला, 12 व्होल्टवर चालणारा, झाकण वरून उघडणारं. गाडी जुनी फोर बाय फोर स्कॉर्पिओ. फ्रिजबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार होती ती त्याच्यापर्यंत हात पोचण्याची. जड वस्तू जितकी पुढे तितकी गाडी खराब रस्त्यावर नीट चालते, म्हणून फ्रिज मधल्या सीटच्या पाठीला टेकवलेला. त्याच्या मागे टेंट, गॅस, पाण्याचे कॅन, खुर्च्या. खिंडसी तलावाच्या काठावर पोचून चहासाठी दुधाची पिशवी काढायची, तर आधी अर्धी गाडी जमिनीवर मांडा. दोन-तीनदा तर दूध काढायचा कंटाळा करून काळा चहा प्यालो. गाडीत एवढा महागाचा फ्रिज असून!

म्हणून नोव्हेंबरात स्लाइड बसवली. म्हणजे फ्रिज एका ट्रेवर, ट्रे दोन चॅनलवर, म्हणजे सरकणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर, मागचा दरवाजा उघडून ओढला की फ्रिज कपाटाच्या खणासारखा बाहेर. परदेशी तयार स्लाइडची किंमत ऐकून मी थेट नागपुरात इतवारीतल्या लोहाओळीत, लोखंडी सामानाच्या बाजारात गेलो आणि पहिली चूक तिथेच केली. किचन ट्रॉलीला लावतात ती टेलिस्कोपिक चॅनलं घेतली. पाकिटावर जोडीला 45 किलो लिहिलेलं, आणि भरलेला फ्रिज माझ्या वजनकाट्यावर 36 भरला. हिशोब जमला असं वाटलं. वेल्डरने हातात घेऊन एकदा खेचून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे तर किचनचं हाये. गाडीत उसळन तवा काय करसान?" मी ऐकलं नाही.

तो बरोबर होता. पाकिटावरचा आकडा घरात स्थिर उभ्या असलेल्या कपाटाचा असतो. मुरमाच्या रस्त्यावर तेच 36 किलो दर खड्ड्याला आपटत राहतात. मध्य प्रदेशात तामियाच्या पुढे पातालकोटकडे जाताना चॅनलमधले छर्रे निघाले. संध्याकाळी ट्रे ओढला तर गाडीच्या मॅटवर मोहरी सांडावी तसे पसरलेले. त्याच मुक्कामात दुसरा धडाही मिळाला. गाडी चढावर उभी, तोंड वर. फ्रिज बांधलेला पट्टा सोडल्याबरोबर तो आपणहून धावत आला आणि माझ्या नडगीवर आदळला. चॅनलला लॉकच नव्हता ना. तो व्रण अजून आहे.

जानेवारीत सगळं काढून जाड, औद्योगिक कामाची चॅनलं लावली. ती आत असताना लॉक होतात आणि पूर्ण बाहेर आल्यावरही. हे दोन्ही लॉक पाहिजेतच. उतारावर गाडी असली की बाहेर काढलेला फ्रिज परत आत सुटतो आणि तेव्हा आपली बोटं मध्ये असतात.

बोल्टबद्दल जरा सांगतो, कारण तिथे फार लोक चुकतात. फ्रिज पूर्ण बाहेर आला की सगळं वजन दरवाजाच्या कडेपलीकडे लोंबतं आणि ट्रेची आतली बाजू वर उचलली जाते, पोरांच्या सी-सॉच्या फळीसारखी. म्हणजे खरा ताण आतल्या, सीटकडच्या बोल्टवर येतो. तिथे लाकडी स्क्रू चालत नाहीत. मी मागच्या आडव्या सीटा काढल्या होत्या, त्यांच्याच मूळ बोल्टच्या जागा वापरल्या. नवीन भोक पाडायचंच असेल तर आधी गाडीखाली झोपून पाहा. डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग, सगळं तिकडूनच जातं.

आता खरी गोष्ट. एवढं सगळं करून फेब्रुवारीत रामटेकजवळ मित्राच्या शेतावर मुक्कामाला गेलो. मी ऐटीत फ्रिज ओढला, टक् करून लॉक बसला आणि आईला म्हटलं, घे काय पाहिजे ते. आई पुढे झाली, टाचा उंचावल्या, आत डोकावली. म्हणाली, "अरे, हे तर विहिरीत वाकून पाहिल्यासारखं वाटते. दही कुठाय ते दिसूनच नाही राहिलं." बायको एका वाक्यात मोकळी झाली, "तुमचा फ्रिज तुम्हीच उघडा."

घरी येऊन टेप लावला. डिकीचा तळ जमिनीपासून 78 सेंटीमीटर, त्यावर प्लाय आणि चॅनल मिळून 9, त्यावर फ्रिज 46. म्हणजे झाकणाची कड 133 सेंटीमीटरवर. आईची उंची दीडशे. कड तिच्या खांद्याच्याही वर! स्लाइडने फ्रिज जवळ आणला आणि वर नेला. मी पाच फूट नऊ इंचांचा, मला हे कधी जाणवलंच नव्हतं. ज्याच्यासाठी सोय करायची त्याची उंची मोजायची सोडून मी गाडीच मोजत बसलो होतो.

यावर बाहेर येऊन खाली उतरणारी, ड्रॉप स्लाइड म्हणतात ती, असते. झकास प्रकार आहे, पण नुसती स्लाइडच वीसेक किलोच्या घरात जाते, सांधे जास्त, आणि दरवाजामागे बरीच मोकळी जागा लागते. झाडाला पाठ करून गाडी लावली की संपलं. मी ती घेतली नाही. वेल्डरकडून चॅनल ट्रेखालून काढून दोन्ही बाजूंना उभी लावून घेतली, त्यामुळे ट्रे मध्ये खाली लटकतो. 9 चे 3 सेंटीमीटर झाले. त्यात रुंदी दोन्हीकडून गेली, म्हणून शेजारचा पाण्याचा कॅन आता आडवा झोपतो. शिवाय 22 सेंटीमीटरची घडीची अॅल्युमिनियमची पायरी घेतली. तिच्यावर उभं राहिलं की कड आईच्या छातीच्या जरा खाली येते. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात स्वस्त वस्तू ती पायरी, आणि खरं काम तिनेच केलं. शिवाय फ्रिजच्या झाकणाची बाजू उलटी करून घेतली. आधी ते आपल्याच अंगावर उघडायचं.

वायरचंही ऐका. फ्रिज साधारण 4-5 अॅम्पियर ओढतो. पुढच्या सॉकेटवरून बारीक वायर ओढली तर मागे पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी चांगली असूनही फ्रिज कमी व्होल्टेज म्हणून बंद होतो. बॅटरीपासून 6 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर आणली, बॅटरीजवळच फ्यूज. पण स्लाइडबरोबर वायरही हलते हे विसरलो. एकदा ती चॅनलमध्ये चेपली, साल निघाली, फ्यूज उडाला. फ्यूज नसता तर काय झालं असतं याचा विचार नको. आता सीएनसी मशीनला असते तशी प्लास्टिकची साखळी लावलीय, वायर तिच्यातच दुमडते.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पाहिलं की बंद गाडीत कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही. फ्रिजच्या हवा जायच्या जाळीला गादी टेकली होती, तेही कारण. गाडी थांबल्यावर दरवाजा उघडून फ्रिज बाहेर ओढला की त्याला वारा लागतो. स्लाइडचा हा फायदा मी धरलाच नव्हता. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करून ठेवणं मात्र चुकवू नका.

पावसाळ्यात चॅनलला ग्रीस लावू नका. आपली काळी माती आणि ग्रीस मिळून जो काला होतो तो टूथब्रशने काढत बसावं लागतं. कोरड्या वंगणाचा स्प्रे पुरतो.

20 लिटरचा फ्रिज असेल तर हे काही करू नका, उचलून बाहेर ठेवा. थारसारख्या तीन दरवाजांच्या गाडीतही एवढी जागा अडवणं मला पटत नाही.

खडखडाट अजून होतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कोंबलेत, निम्मा गेला. आणि फ्रिज आता आईच उघडते, त्यामुळे वर ताकाची बरणी आणि संत्री. माझा सोड्याच्या बाटल्यांचा हक्काचा कोपरा तळाशी गेलाय, तिथे आता मलाच वाकून पाहावं लागतं.