मींडेसाठी फ्रेटबोर्ड कोरून घ्यावा की साधाच ठेवावा?

सोलापुरात भावगीतांच्या साथीला इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसणाऱ्याला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, हवीच असते, आणि मग फ्रेटबोर्ड (गिटारच्या मानेवरची, फ्रेट म्हणजे धातूचे पडदे बसवलेली लाकडी पट्टी) 'स्कॅलप' करून घेण्याचा विचार मनात येतो. स्कॅलप म्हणजे दोन फ्रेटांमधले लाकूड खोलगट कोरणे. त्यामुळे बोट लाकडावर घासत नाही, तार बोटात नीट पकडता येते आणि ओढताना निसटत नाही. वीणेचे पडदे मेणात उंच बसवलेले असतात, तेथेही बोटाखाली अशीच पोकळी असते. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांनी १९७० च्या दशकात 'शक्ती' या वाद्यवृंदामध्ये कोरलेल्या फ्रेटबोर्डाचीच गिटार वाजवली.

मात्र लाकडाचा आधार गेला की दाबाचा सगळा हिशेब बोटावर येतो. सवयीच्या जोराने डी कॉर्ड (एकाच वेळी वाजणारा स्वरांचा गट) धरली, तरी तारा खड्ड्यात दबून स्वर चढतात आणि गायकाच्या षड्जाशी कॉर्ड जुळत नाही. साथसंगतीत हा दोष मला फार गंभीर वाटतो, कारण तेथे एका मींडेमागे पन्नास कॉर्ड वाजवाव्या लागतात.

साध्या फ्रेटबोर्डवर कष्ट अधिक आहेत, पण ते शिकता येण्याजोगे आहेत. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा डी हा स्वर ओढून ई या स्वरापर्यंत न्यायचा असेल, तर आधी नवव्या फ्रेटवरचा ई वाजवून कानात धरावा; मग अनामिकेने तार दाबून, मधले बोट आणि तर्जनी तिच्या मागे त्याच तारेवर टेकवून, मनगट फिरवत तार वर ढकलावी. नुसत्या बोटांच्या जोरावर ओढलेला स्वर बहुधा ई च्या अलीकडेच राहतो. पहिली तार ०.०१० इंचाऐवजी ०.००९ इंचाची असलेला संच लावला, तर हेच काम पुष्कळ हलके होते. उंच, म्हणजे जंबो, फ्रेट बसवूनही स्कॅलपचा बराचसा लाभ मिळतो, आणि फ्रेट पुढे बदलता येतात. कोरलेले लाकूड मात्र परत येत नाही. शिवाय मेपलचा फ्रेटबोर्ड कोरताना त्यावरचे लॅकर (संरक्षक लेप) निघून जाते आणि ते पुन्हा चढवले नाही, तर आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बोटांचा घाम थेट लाकडात मुरून काळे डाग पडतात.

म्हणून माझे मत असे की आधी पातळ तारा लावून काही महिने वरील रियाज करावा. त्यानंतरही वरच्या सप्तकात तार निसटत असेल, तर बाराव्या फ्रेटपुढचाच भाग कोरून घ्यावा; खालच्या कॉर्ड जशाच्या तशा सुरात राहतात. रॉक गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्या गिटारवर तर २१ ते २४ एवढेच फ्रेट कोरलेले असतात.