गांडूळखत: एक पिशवी, एक पोतं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

माझं माहेर गुहागरकडचं. आई वांग्याच्या बुडाशी चुलीतली राख टाकायची आणि झाड नुसतं लगडायचं. लग्नानंतर फलटणला घरामागे चार वाफे केले, तेव्हा मीही बंबातली राख टाकत राहिले. दोन वर्षं मिरचीची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

शेवटी माती तपासायला दिली. प्रत्येक वाफ्यात वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून एकत्र, सावलीत वाळवून अर्धा किलो. (आधी मी ती युरियाच्या रिकाम्या पिशवीत भरत होते. नवऱ्याने वेळीच हात धरला.) सामू (pH, मातीचा आम्ल-विम्लपणा) 8.2, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणातून येणारा) 0.38 टक्के, म्हणजे कमीच, चुनखडी भरपूर. अहवाल देणाऱ्या दादांनी पहिलंच विचारलं, "ताई, राख टाकता का?" कोकणातल्या आम्ल मातीला राख मानवते. आमच्या काळ्या मातीचा सामू आधीच चढलेला, त्यात चुनखडी, राखेने तो आणखी चढतो. मग मातीत लोह असून झाडाला घेता येत नाही, म्हणून पानं पिवळी.

राख बंद, कर्बासाठी गांडूळखत सुरू. ऑनलाइन पाच किलोची चकचकीत पिशवी मागवली, 299 रुपये. उघडताच कोंदट वास, मुठीत दाबलं तर बोटांतून पाणी! किलोभर मोजून वर्तमानपत्रावर सावलीत पसरलं. चौथ्या दिवशी काट्यावर 590 ग्रॅम. सरकारी मानकाप्रमाणे गांडूळखतात ओलावा 15 ते 25 टक्के हवा. इथे 41 टक्के तर उडूनच गेलं. चमचाभर खत बाटलीत पाणी घालून हलवलं, तर तळाला वाळू. तक्रारीला उत्तर आलं, "ओलावा गांडुळांसाठी आवश्यक आहे." पिशवीत गांडूळ एकही नव्हतं.

मग आठवडी बाजारात एका शेतकरीदादांकडून 40 किलोचं पोतं घेतलं, 480 रुपयांना. चहाच्या भुकटीसारखं मोकळं, वास पहिल्या पावसाचा. तीच परीक्षा: किलोचे 810 ग्रॅम उरले. दोन कुंड्यांत निम्मी माती, निम्मं खत घालून मेथीचे वीस-वीस दाणे पेरले. पोत्याच्या कुंडीत 18 उगवले, पिशवीच्या कुंडीत 7.

पिशवीला एक तारा, पोत्याला साडेचार. अर्धा कापला कारण गांडूळखत ढिगातल्या कंपोस्टसारखं तापत नाही, तणाचं बी जिवंत राहतं. वाफाभर घोळ उगवली. परवा मुगाची डाळ घालून तिची भाजी केली.